इशारा द्यायचा कोणी?

धायरीकरांना खडकवासल्याचे धरण शेजारचेच. १२ जुलै १९६१ रोजी बांधकाम पुरे न झालेले पानशेत धरण फुटले, त्याच दिवशी खडकवासल्याचेही फुटले आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. पुढे २५ जुलै २०२४ रोजी धरणातून सोडलेले पाणी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरले. वेळेवर सूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती.

पृथ्वीवरील प्रत्येक माणसाला २०२७ अखेरपर्यंत पूर्वसूचनेचे संरक्षण मिळावे, असा संकल्प संयुक्त राष्ट्रांनी २०२२ मध्ये सोडला. त्याचे आधार चार: धोक्याची जाण, निरीक्षण व अंदाज, सूचनेचा प्रसार आणि लोकांची सज्जता. पहिल्या दोहोंना उपग्रह आणि पर्जन्यमापके यांचे साहाय्य आहे. उरलेले दोन माणसांनाच सांभाळावे लागतात. म्हणून या कामाच्या शिरोभागी केवळ तज्ज्ञ असून भागत नाही. अंदाज चुकल्यास हसे होईल या भयाने थांबणारा अधिकारी त्या पदास अपात्रच. वारंवार चुकणाऱ्या इशाऱ्यावरचा विश्वास उडतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यावरील उपाय मौन नव्हे, अंदाजातील अनिश्चितता लोकांना मोकळेपणाने सांगणे हा होय. खोट्या ठरलेल्या इशाऱ्याने एक रात्र वाया जाते. न दिलेल्या इशाऱ्याने संसार वाहून जातात.

अशा पदाची खरी कसोटी जिनिव्हात नव्हे, नदीकाठच्या शेवटच्या घरात लागते. पाणी सोडणाऱ्याने आणि सूचना पोहोचविणाऱ्याने एकमेकांकडे बोट दाखवू नये असे वाटत असेल, तर ती जबाबदारी कोणा एकाच्या नावावर आधीच लिहिलेली असली पाहिजे.