फोल्डर दिसतो, पण असतो कुठे?

विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘दिस पीसी’ सारख्याच रीतीने उघडतात. ‘डॉक्युमेंट्स’ला मात्र डिस्कवर पत्ता आहे, सहसा तो ‘सी’ ड्राइव्हवर, वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरात असतो. ‘दिस पीसी’ डिस्कवर कुठेच नाही. तो उघडला की संगणकाला जोडलेल्या ड्राइव्हची यादी विंडोज जुळवते आणि फोल्डरसारखी मांडते. असा फोल्डर म्हणजे आभासी फोल्डर.

ही रचना १९९५ साली विंडोज ९५बरोबर आली. तिच्यात सर्वांत वर असतो डेस्कटॉप, त्याखाली ‘दिस पीसी’ (तेव्हाचा ‘माय कॉम्प्युटर’), त्यात ‘सी’ ड्राइव्ह. गंमत अशी, की डेस्कटॉपवरच्या फाइली ज्या खऱ्या फोल्डरात असतात, तो याच ‘सी’ ड्राइव्हच्या पोटात सापडतो.

रिसायकल बिनचे काम सर्वांत पाहण्यासारखे आहे. पडद्यावर टोपली एकच दिसते, पण प्रत्येक ड्राइव्हवर तिच्यासाठी वेगळा लपवलेला फोल्डर असतो आणि त्यात प्रत्येक वापरकर्त्याचा कप्पा निराळा. पुसलेली फाइल त्याच ड्राइव्हवरच्या कप्प्यात नव्या, निरर्थक नावाने राहते. जोडीला एक छोटी फाइल तयार होते. तिच्यात मूळ ठिकाण, आकार आणि पुसल्याची वेळ नोंदलेली असते. एक्सप्लोरर ही नोंद वाचून जुने नाव दाखवतो आणि फाइल परत जागेवर ठेवतो. म्हणूनच टोपली रिकामी करेपर्यंत डिस्कवरची जागा मोकळी होत नाही.

खऱ्या फोल्डरचे नावही कधी कधी पडद्यापुरतेच असते. मराठी विंडोजमध्ये ‘डॉक्युमेंट्स’चे नाव मराठीत दिसले, तरी डिस्कवर ते इंग्रजीतच राहते. दाखवायचे नाव कोणते, हे फोल्डरातली ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ ही लपवलेली फाइल सांगते.

खरा धोका आहे तो २००९ साली विंडोज ७मध्ये आलेल्या ‘लायब्ररी’त. वेगवेगळ्या फोल्डरांतले साहित्य ती एकत्र दाखवते. स्वतः काहीच साठवत नाही. लायब्ररीतून एखादा फोल्डर वगळला, तर तो डिस्कवर सुरक्षित राहतो. पण लायब्ररीत दिसणारी फाइल पुसली, की मूळ फाइलच जाते. पुसण्याआधी फाइलवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधले ‘लोकेशन’ जरूर पाहावे. तिचा खरा पत्ता तिथे लिहिलेला असतो.