हौसेचं धरण आणि खालचं गाव

धरण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोयना येतं, जायकवाडी येतं, भाक्रा येतं. सरकारनं बांधलेलं, शेती भिजवणारं, वीज देणारं. आज मला बोलायचं आहे ते निराळ्याच धरणाबद्दल. खाजगी मालकीच्या, निव्वळ हौसेसाठी राखलेल्या धरणाबद्दल. होड्या फिरवायच्या, गळ टाकून मासे धरायचे आणि संध्याकाळी काठावर खुर्च्या टाकून बसायचं, एवढंच त्याचं काम. अशाच एका हौसेच्या धरणानं ३१ मे १८८९ रोजी अमेरिकेत २,२०९ माणसांचा बळी घेतला.

पेनसिल्व्हानिया राज्यातलं हे साउथ फोर्क धरण. ७२ फूट उंच, ९०० फुटांहून थोडं अधिक लांब, मातीचं. मुळात ते हौसेसाठी बांधलेलं नव्हतं. मालवाहतुकीच्या कालव्याला कोरड्या दिवसांत पाणी पुरावं म्हणून राज्य सरकारनं ते बांधायला घेतलं आणि १८५३ मध्ये पुरं केलं. पण तोवर रेल्वे आली होती. कालवा ओस पडला आणि धरण बेवारशासारखं झालं. १८६२ मध्ये ते थोडं फुटलंही, पण तळ्यात पाणी कमी असल्यानं निभावलं. पुढे पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्लबानं १८७९ मध्ये ते विकत घेतलं, डागडुजी केली, तळं भरलं आणि काठावर बंगले उठवले. पोलादाचे कारखानदार अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री क्ले फ्रिक या क्लबाचे सभासद होते.

पुढं काय झालं ते समजायला मातीच्या धरणाचा स्वभाव आधी समजून घेतला पाहिजे. मी या कामात वावरलेला माणूस आहे, म्हणून थोडं सांगतो. काँक्रीटच्या किंवा दगडी धरणावरून पाणी गेलं तर ते बहुधा तग धरतं. मातीच्या धरणाचं तसं नाही. माथ्यावरून वाहणारं पाणी बाहेरच्या उतारावरची माती कणाकणानं घेऊन जातं. एक बारीक खाच पडते. खाच खोल झाली की पाणी वाढतं आणि पाणी वाढलं की खाच आणखी खोल होते. एकदा हे चक्र सुरू झालं की माणसाच्या हाती काही उरत नाही.

म्हणून मातीच्या धरणाला तीन आधार दिलेले असतात. पहिला म्हणजे सांडवा, जादा पाणी बाजूनं सुखरूप निघून जाण्याची वाट. दुसरा, धरणाच्या तळातून जाणारे नळ, ज्यांतून हवं तेव्हा तळं खाली करता येतं. आणि तिसरा, सांडव्याच्या वर राखलेली माथ्याची उंची. हे तिन्ही आधार वर्षातले बहुतेक दिवस बिनकामाचे दिसतात. हौसेच्या धरणाचा खरा धोका इथंच आहे. शेतीच्या धरणातलं पाणी वापरलं जातं, उन्हाळ्यात ते रितं होतं, त्याची झडप हलते, कुणीतरी रोज तिथं जातं. हौसेच्या धरणाच्या मालकाला तळं बारमाही काठोकाठ भरलेलं हवं असतं. पाणी सोडणारी प्रत्येक गोष्ट त्याला अडचण वाटते.

साउथ फोर्कला हेच घडलं. तळातले ओतीव लोखंडाचे नळ क्लबाच्या आधीच्या मालकानं उपसून भंगारात विकले होते. क्लबानं ते पुन्हा बसवले नाहीत. त्यामुळं धरण दुरुस्त करायचं म्हटलं तरी तळं खाली करण्याचा मार्गच राहिला नाही. बग्ग्या जाव्यात म्हणून माथा सुमारे तीन फूट छाटून रस्ता रुंद केला. विकत आणून सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर लोखंडी जाळ्या बसवल्या. यांतली प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर समंजसच वाटते. रस्ता नको का? मासे राखायला नकोत का? पण तिन्ही मिळून धरणाचे तिन्ही आधार गेले.

माथा दोन-तीन फुटांनी कमी केला तर असा काय मोठा फरक पडतो, असं कुणी विचारील. सांडव्यावरून जाणारं पाणी हे त्यावरच्या पाण्याच्या उंचीच्या नुसत्या प्रमाणात वाढत नाही, त्याहून झपाट्यानं वाढतं. सांडव्यावर तीन फूट पाणी चढेपर्यंत धरण सुरक्षित आहे असं समजा. आता माथा एक फूट खाली आला. उंची एक तृतीयांशानं कमी झाली, पण सांडव्याची वाहून नेण्याची ताकद जवळजवळ निम्मी झाली. साउथ फोर्कला तर मुख्य सांडव्याखेरीज पलीकडच्या टोकाला एक जादा वाटही होती. माथा छाटल्यावर तीही निरुपयोगी झाली. १८९१ च्या अभियंत्यांच्या अहवालानं म्हटलं होतं की मूळचं धरणसुद्धा त्या पावसात टिकलं नसतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं मोजमाप आणि गणित पुन्हा मांडून ते खोडून काढलं.

सूचना मिळाली नव्हती असंही नाही. धरणाच्या खाली १४ मैलांवर, सुमारे साडेचारशे फूट उतारावर, जॉन्सटाउन हे पोलादाचं गाव होतं. तिथल्या कारखान्याच्या प्रमुखानं १८८० मध्ये जॉन फुल्टन या आपल्या माणसाला धरण पाहायला धाडलं. त्यानं दोन दोष नेमके दाखवले: पाणी सोडायची सोय नाही आणि गळती मोठी आहे. क्लबाच्या अध्यक्षांनी कळवलं की तुम्हाला आमच्यापासून काही धोका नाही. दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारीही कारखान्यानं दाखवली होती. ती नाकारली गेली.

३० मे १८८९ च्या रात्रीपासून पाऊस कोसळला. सकाळी तळं डोळ्यांदेखत चढत होतं. मजूर माथ्यावर माती टाकत होते, दुसरा सांडवा खणत होते, कचऱ्यानं तुंबलेल्या जाळ्या मोकळ्या करायची धडपड चालली होती. एका तरुण अभियंत्यानं घोडा फेकत जाऊन तारेनं इशारा पाठवायला सांगितलं. पण दर मोठ्या पावसात धरण फुटल्याची आवई उठे, त्यामुळं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दुपारी तीनच्या सुमारास धरण गेलं. सुमारे दीड कोटी घनमीटर पाणी दरीतून निघालं आणि तासाभरात जॉन्सटाउनवर आदळलं. ९९ कुटुंबं पुरती नाहीशी झाली. रेल्वेच्या दगडी पुलाला अडकलेल्या ढिगाऱ्याला आग लागून पुरातून वाचलेली माणसंही जळाली.

क्लबाविरुद्ध दावे झाले, पण भरपाई वसूल होऊ शकली नाही. ही दैवी आपत्ती ठरली. कार्नेगी यांनी गावाला नवं ग्रंथालय बांधून दिलं. पण लोकांचा संताप राहिला आणि इंग्लंडमधला १८६८ चा एक निकाल अमेरिकेतली न्यायालयं हळूहळू स्वीकारू लागली. तो खटलाही एका गिरणीमालकाच्या खाजगी तलावाचाच होता. त्या निकालाचं सार असं: आपल्या जमिनीवर कुणी घातक ठरेल अशी वस्तू साठवली आणि ती सुटून शेजाऱ्याचं नुकसान झालं, तर हयगय सिद्ध झाली नाही तरी भरपाई द्यावी लागेल.

एका शेतघराच्या मालकांनी मला विचारलं, ‘‘साहेब, आमचा बंधारा जेमतेम तीस-चाळीस फुटांचा. त्याला कसली आलीय सुरक्षितता?’’ त्यांना मी जॉर्जियातल्या केली बार्न्स धरणाबद्दल सांगितलं. उंची सुमारे चाळीस फूट. वीजनिर्मिती बंद झाल्यावर तळं हौसेपुरतं उरलेलं. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे ते फुटलं आणि खालच्या कॉलेजच्या आवारात झोपलेली ३९ माणसं गेली. किती पाणी अडवलंय यापेक्षा खाली कोण झोपलंय, हा प्रश्न मोठा.

आपल्याकडे २०२१ चा धरण सुरक्षा कायदा आहे. पंधरा मीटरहून उंच धरणं त्यात येतात. दहा ते पंधरा मीटरमधली काही अटींवर येतात, उदाहरणार्थ साठा दहा लाख घनमीटर किंवा अधिक असेल तर. मालक कुणीही असो, अशा धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी बंधनकारक आहे. त्याहून लहान धरणं या कायद्याबाहेर राहतात. रिसॉर्टचं नौकाविहाराचं तळं बहुतेक वेळा याच बाहेरच्या गटातलं. आणि लहान धरणाचा तडाखा आपण पाहिलेला आहे. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, वीसहून अधिक माणसं गेली. ते सरकारी होतं, पण गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. खेकड्यांनी धरण पोखरलं, असं तेव्हा सांगितलं गेलं आणि त्याची थट्टाही झाली. खेकड्या-घुशींची बिळं हा मातीच्या धरणाचा खरा शत्रू आहे, यात थट्टेचं काही नाही. पण ती बुजवण्याचं काम खेकड्यांचं नव्हे.

तेव्हा ज्यांच्याकडे असं तळं आहे, त्यांनी मे महिन्यात एक सकाळ काढावी. सांडव्यात जाळी, झुडपं, गाळ, फळ्या काही असेल तर काढावं. माथा एका टोकाकडून दुसरीकडे पाहावा, मध्ये खचला असेल तर भरून घ्यावा. भरावावर झाडं वाढू देऊ नयेत, कारण मेलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. बाहेरच्या पायथ्याशी ओल आहे का पाहावं. झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तर नजर ठेवावी. ते गढूळ झालं तर धरणाच्या पोटातली माती वाहू लागली असं समजून तळं उतरवायला लागावं आणि खालच्या वस्तीला कळवावं. तळं उतरवण्याची झडप वर्षातून दोनदा फिरवून पाहावी. झडपच नसेल, तर होडी घेण्याआधी ती बसवावी.

आणि जे खाली राहतात त्यांनी वरच्या तळ्याची चौकशी जरूर करावी. त्यात आगाऊपणा काही नाही. मालकाचा फोन नंबर गावात आणि गावातल्या दोघांचा नंबर तळ्यावरच्या राखणदाराकडे असावा. रात्री पाऊस धरला की तो कुणाला उठवणार, हे आधीच ठरलेलं असावं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)