दोन नद्यांच्या बेचक्यातलं असई

“बाई, ती लढाई तर आपण हरलो. मग ती कशाला लक्षात ठेवायची?”

मी जालन्यातल्या एका शाळेत अर्धवेळ इतिहास शिकवते. सातवीतल्या एका मुलीने विचारलेल्या या प्रश्नाला मला वर्गात नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन कुकर लावला, कणीक भिजवली, तरी प्रश्न काही डोक्यातून जाईना. मुलगी भोकरदनकडची. म्हणजे ती लढाई झाली तिच्याच शिवारालगत! शेवटी रविवारी ह्यांना आणि मुलांना घेऊन, दशम्या-चटणी बांधून आम्ही असईला गेलो.

असई आपल्याच जालना जिल्ह्यात, उत्तरेला भोकरदन-जाफराबादच्या बाजूला आहे. १ मे १९८१ रोजी आपला जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. गाव अगदी साधं. काळी जमीन, कपाशी, ज्वारी. एका अंगाला केळना नदी, दुसऱ्या अंगाला जुई. पुढे जुई केळनेला मिळते, केळना पूर्णेला आणि पूर्णा गोदावरीला. या दोन नद्यांच्या बेचक्यातच २३ सप्टेंबर १८०३ रोजी ती लढाई झाली. मैत्रिणींनो, ते नवरात्राचे दिवस होते. घरोघरी घट बसलेले असणार, शिवारात पिकं उभी असणार, आणि अशात दोन फौजा दारात आल्या.

एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. मराठ्यांचा तळ भोकरदनपासून असईपर्यंत पसरला होता. तीस-चाळीस हजार घोडदळ, दहा हजारांवर कवायती पायदळ आणि शंभरावर तोफा. या कवायती फौजेचा कारभार पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याकडे होता. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही शिंद्यांच्या बाजूने आल्या होत्या. एका बाईची फौज! तिच्याकडे तळ आणि सामानसुमान राखायचं काम होतं. वेलस्लीजवळ सगळे मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं, आणि कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी फौज अजून येऊन पोचली नव्हती.

मध्ये केळना. वाटाड्यांनी सांगितलं, इथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली. नदीच्या या काठाला एक गाव, समोरच्या काठाला दुसरं, पिंपळगाव आणि वरूड. इतकी जवळ दोन गावं, म्हणजे माणसांची ये-जा असणारच, आणि ये-जा असेल तर उतारही असणार, असा त्याने हिशेब केला. तो खरा निघाला. फौज पलीकडे गेली.

हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. सेनापतीला दुर्बीण लावून जे उमगलं, ते त्या काठावरच्या कुठल्याही सासुरवाशिणीला ठाऊक असणार. असईत एका आजींनी आम्हाला ओट्यावर बसवून चहा दिला. मी मुद्दाम विचारलं, “आजी, पूर्वी नदी कशी ओलांडायचे हो?” त्या म्हणाल्या, “माझं म्हायेर पल्याडचंच. पूल कुठं होता तवा! लेकरू कडेवर घ्यायचं, लुगडं वर खोचायचं अन् उतारानं यायचं.” घ्या! दोनशे वर्षांपूर्वीचा लष्करी हिशेब आजींनी एका वाक्यात सांगून टाकला.

लढाई मात्र भयंकर झाली. पोलमनने फौजेचं तोंड चटकन फिरवून केळना आणि असई यांच्यामध्ये नवी फळी धरली. वाट चुकून गावाच्या फार जवळ गेलेली इंग्रजांची एक पलटण तोफांच्या माऱ्यात जवळजवळ संपली. मराठ्यांचे गोलंदाज संगिनी अंगावर येईतो तोफांपासून हलले नाहीत. काहीजण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले, आणि शत्रू पुढे गेल्यावर उठून त्याच तोफा त्याच्या पाठीवर डागल्या. इंग्रजांचे चारशेवर ठार आणि अकराशेवर जखमी झाले. मराठ्यांकडची माणसं तर हजारोंनी पडली. ९८ तोफा इंग्रजांनी नेल्या. त्या किती उत्तम होत्या, हे वेलस्लीनेच लिहून ठेवलंय.

मग हरलो का? तोफा चांगल्या होत्या, गोलंदाज शूर होते. पण एवढं मोठं घोडदळ लढाईत फारसं उतरलंच नाही, आणि शिंदे-होळकरांचं वैर तर आधीपासूनचं. होळकर या युद्धापासून दूरच राहिले. त्याच डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि १८१५ मध्ये त्याने वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. तरी रणांगणावरची आपली सर्वांत चांगली कामगिरी म्हणून त्याने असईचंच नाव घेतलं होतं. बेल्जियममधल्या वॉटर्लूला मोठी टेकडी रचून वर सिंह बसवलाय, जगभरचे लोक तो बघायला जातात. आणि आपली मुलं असईचं नाव परीक्षेपुरतं पाठ करतात!

सोमवारी त्या मुलीला मी सांगितलं, “बाळ, जिंकलेलं लक्षात ठेवायला जिंकणारे असतातच. तोफेपाशी उभ्या राहिलेल्या गोलंदाजांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. ती माणसं आपण नाही आठवायची, तर कुणी? आणि का हरलो, हेही हरलेल्यानेच शिकायचं असतं.” ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बाई, माझी पणजी अजून आहे. तिला विचारू?”

मैत्रिणींनो, तुमच्याही गावाजवळ असं एखादं असई असेल. सुट्टीत मुलांना तिथे जरूर न्या. दशम्या, पाण्याची बाटली आणि एक वही बरोबर ठेवा. आणि घरात आजी-पणजी असेल, तर दुपारी निवडणं-टिपणं करताना तिला बोलतं करा. आपल्या गावचा उतार कुठे होता, हे तिलाच ठाऊक असतं.