उरलेले अन्न आणि अन्नपेढी

इसवी सन १९६७ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्याच्या फीनिक्स शहरात एक आगळी पेढी निघाली. जॉन व्हॅन हेंगेल हे गृहस्थ तेथील एका धर्मादाय भोजनगृहात सेवा करीत असत. किराणा दुकानांनी टाकून दिलेल्या मालातून आपल्या मुलांचे पोट भरणारी एक स्त्री त्यांना भेटली. तो माल पुष्कळदा चांगला असतो, असे तिचे म्हणणे. पैसे ठेवावे-काढावे तशी अन्नाचीही पेढी असावी, असे तिने सुचविले. सेंट मेरी चर्चने एक पडीक इमारत दिली, स्वयंसेवक जमले, आणि पहिल्याच वर्षी या पेढीने एक लाख किलोग्रॅमहून अधिक अन्न वाटले. जगातील पहिली अन्नपेढी म्हणून ओळखली जाते ती हीच.

चांगला माल दुकानदार टाकतो तरी का, असा प्रश्न वाचकांस पडेल. वेष्टन फाटते, डब्याला पोचा पडतो, सणासाठी मागविलेला माल सण सरल्यावर पडून राहतो. त्यात छापील तारखांचा घोटाळा. ‘अमुक तारखेपूर्वी उत्तम’ हे शब्द स्वाद व कुरकुरीतपणा यांविषयी असतात. ती तारीख उलटली म्हणजे बिस्किट विषारी होत नाही. ‘अमुक तारखेपर्यंतच वापरावे’ ही सूचना मात्र आरोग्याची असते. डब्याच्या कडेचा लहानसा पोचा सहसा निरुपद्रवी. परंतु झाकण फुगले असेल तर आत जंतूंनी वायू निर्माण केला असण्याचा संभव असतो. असा डबा न उघडताच टाकावा.

शिजविलेल्या अन्नाला इतकी सवड नसते. लग्नघरी उरलेला भातच पाहा. तांदळात बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू असू शकतात व ते उकळत्या पाण्यातही तग धरतात. भात कोमट राहिला की ते रुजतात, जंतू वाढतात, आणि त्यांतील काही असे विष निर्माण करतात की जे पुन्हा तापविल्यानेही जात नाही. म्हणून वाटपाचे अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम तरी ठेवावे, नाहीतर त्वरित थंड करून ५ अंशांच्या खाली. दुपारच्या पंगतीचा भात रात्री वाटणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, घेणाऱ्याचे पोट देणाऱ्याच्या पोटाहून निराळे नसते.

पुढे कायद्यानेही या कामात लक्ष घातले. सद्भावनेने अन्न देणाऱ्यास खटल्याची भीती नसावी, यासाठी अमेरिकेने १९९६ मध्ये कायदा केला. फ्रान्सने २०१६ मध्ये ४०० चौरस मीटरहून मोठ्या दुकानांना खाण्याजोगा माल नासवून टाकण्यास मनाई केली. भारतातही २०१९ मध्ये उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम झाले; त्यांनुसार हे अन्न विनामूल्य द्यावयाचे असून वाटपाची नोंद ठेवावी लागते.

तथापि अन्नपेढी म्हणजे शिधापत्रिका नव्हे. पेढीत आज पाव आहे, उद्या काय येईल ते दुकानदाराच्या विक्रीवर अवलंबून. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने बहुतेक पात्र कुटुंबांना व्यक्तीमागे दरमहा ५ किलोग्रॅम धान्याचा हक्क दिला, आणि हक्काचे धान्य कोणाच्या शिलकीची वाट पाहत नाही. शिवाय सगळा बोल दुकानदारालाच लावणेही बरोबर नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील ६० टक्के घराघरांतून.