समुद्रातली पवनचक्की : अडते कुठे?

डेन्मार्कने व्हिंडेबीच्या समुद्रात ११ पवनचक्क्या उभारल्या, त्या १९९१ मध्ये. भारताचे सागरी पवनऊर्जा धोरण आले २०१५ मध्ये. गुजरातच्या पिपावावजवळ, खंभातच्या आखातात वारा मोजणारे लायडार यंत्र बसले २०१७ मध्ये.

वारा आहे, खरी कसोटी उभारणीची. त्यासाठी पाय असलेले खास जहाज लागते. ते आपले लांब पोलादी पाय समुद्रतळावर टेकवते, स्वतःला लाटांच्या वर उचलून घेते आणि मगच क्रेन हलते. तळाची माती मऊ निघाली तर हे पायच रुततात, म्हणून आधी जागोजागी भोके पाडून माती तपासावी लागते. अशी जहाजे जगात मोजकी, भाडे प्रचंड. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात वारा जोरात, पण दर्या खवळलेला. त्यामुळे कामाला उरतात कोरडे महिने. शिवाय वीज किनाऱ्यावर आणणाऱ्या केबलचा मार्ग मच्छीमारांशी बोलूनच ठरायला हवा, नंतर समजूत घालून नव्हे.

जून २०२४ मध्ये केंद्राने ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली : गुजरात आणि तमिळनाडूसाठी प्रत्येकी ५०० मेगावॉट. त्यातले ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी आहेत. उभारणीचे सामान बंदरांतूनच समुद्रात जाणार, म्हणून बंदरांचे काम आधी व्हायला हवे.