विधान परिषद हवी की नको?

आपल्या राज्याच्या विधिमंडळात एक नव्हे, दोन सभागृहे आहेत. विधानसभा तुम्हांला ठाऊक आहे. तिचे २८८ आमदार आपण सारे मतदार मिळून निवडतो. दुसरे सभागृह म्हणजे विधान परिषद. उर्दू वर्तमानपत्रांत ज्या 'कौन्सिल'च्या बातम्या तुम्ही वाचता, ती हीच. तिला वरिष्ठ सभागृह म्हणतात. तिचे सदस्य ७८. त्यांनाही आमदारच म्हणतात. पण त्यांना निवडण्यासाठी तुमचे आईवडील कधी मतदान केंद्रावर गेले आहेत का? बहुधा नसतील. मग हे सदस्य येतात कोठून?

त्यांपैकी ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडतात. २२ जणांना महानगरपालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा अशा स्थानिक संस्थांचे सदस्य निवडून देतात. ७ जण पदवीधरांच्या आणि ७ जण शिक्षकांच्या मतांवर येतात. उरलेल्या १२ जणांची नेमणूक राज्यपाल करतात. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतील जाणकारांसाठी या जागा आहेत. कवी ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर हे अशाच नेमणुकीने परिषदेत आले होते. विधानसभा बरखास्त होऊ शकते. परिषद होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी साधारण एक-तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.

परिषदेचे अधिकार मात्र बेताचेच आहेत. विधानसभेने मंजूर केलेले साधे विधेयक ती पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने ते पुन्हा मंजूर केल्यावर आणखी एक महिना थांबवू शकते. त्यानंतर विधानसभेचेच म्हणणे खरे ठरते. पैशांसंबंधीचे विधेयक तर तिला चौदा दिवसांत परत करावे लागते. थोडक्यात, परिषद गाडी थोडा वेळ थांबवू शकते, वळवू शकत नाही. १९४७ साली संविधान सभेत केंद्रातील दुसऱ्या सभागृहाची बाजू मांडताना गोपालस्वामी अय्यंगार यांनी हाच मुद्दा मांडला होता. क्षणिक आवेशात केलेला कायदा थोडा रोखून धरता यावा, त्यावर शांतपणे विचार व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते.

परिषद नुसती थांबवण्याचेच काम करते, असे नाही. वि. स. पागे हे अनेक वर्षे परिषदेचे सभापती होते. गावातल्या मजुराने काम मागितले, तर सरकारने ते दिलेच पाहिजे, ही कल्पना त्यांची. १९७२च्या दुष्काळात या रोजगार हमी योजनेचा हजारो कुटुंबांना आधार झाला. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २००५ साली देशासाठी तसाच कायदा आला.

तरीही, ही परिषद कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत. खर्च वाढतो आणि निवडणुकीत हरलेल्यांची सोय लावली जाते, असे ते म्हणतात. यात तथ्य नाही असे कसे म्हणावे? पश्चिम बंगालने १९६९ साली, पंजाबने १९७० साली आणि तमिळनाडूने १९८६ साली आपापल्या परिषदा बंद केल्या. आंध्र प्रदेशाची कथा तर मजेदार आहे. तेथील परिषद १९८५ साली रद्द झाली आणि २००७ साली पुन्हा सुरू झाली. २०२० साली तिने सरकारची विधेयके अडवली, तेव्हा विधानसभेने ती रद्द करण्याचा ठराव केला. पुढे परिषदेत सत्ताधारी पक्षाचे बहुमत झाले आणि २०२१ साली तो ठराव मागे घेण्यात आला! सभागृह नको होते की त्याचा विरोध नको होता, हे तुम्हीच ठरवा.

मग सर्व सदस्य जनतेनेच का निवडू नयेत? तसे केले, तर परिषद म्हणजे विधानसभेची दुसरी प्रत होईल. शिवाय दोघांचे मतभेद झाले, तर जनतेचा खरा आवाज कोणाचा, हा नवा वाद उभा राहील. सगळ्यांची नेमणूक केली, तर ते नेमणाऱ्याचे मिंधे होतील. नेमणुकीत दुसरीही अडचण आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १२ नावे राज्यपालांकडे पाठवली. त्यांवर निर्णयच झाला नाही. २०२२ साली सरकार बदलले आणि ती यादी मागे घेतली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये १२ पैकी ७ जागा भरल्या. चार वर्षांहून अधिक काळ त्या खुर्च्या रिकाम्या होत्या. नेमणुकीला ठरावीक मुदत असती, तर असे झाले नसते.

मला स्वतःला परिषद रद्द व्हावी असे वाटत नाही. पण तिच्या मतदारयादीबद्दल माझी तक्रार आहे. शिक्षक मतदारसंघात फक्त माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांना मत आहे, तेही गेल्या सहा वर्षांत किमान तीन वर्षे शिकवले असेल तर. आमच्या इमारतीत सकाळी प्राथमिक वर्ग भरतात आणि दुपारी माध्यमिक. मतदानाच्या दिवशी आम्ही दुपारवाले जातो. अलिफ-बे आणि पाढे शिकवणाऱ्या सकाळच्या आपांना मात्र या यादीत जागा नाही. त्या तुमच्याच पहिल्या शिक्षिका होत्या. हे बदलण्यासाठी परिषद मोडण्याचीही गरज नाही. संविधानाच्या १७१व्या कलमानुसार, संसद साधा कायदा करून विधान परिषदेची रचना बदलू शकते.