ट्रेलरवरच्या टाकीवर काय लिहिलेले असते?



गेल्या उन्हाळ्यात एका मोशावजवळ आम्ही बेर-शेवाच्या बसची वाट पाहत उभे होतो. थांब्यापासून पन्नासएक पावलांवर, शेताच्या कडेला एक ट्रेलर सोडून ठेवलेला होता. ट्रॅक्टर नाही, राखणीला माणूस नाही. ट्रेलरवर दोन पांढऱ्या टाक्या होत्या आणि एकीच्या तोटीतून थेंब थेंब गळत होते. आमच्याबरोबरचे एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पाणी वाया जातंय, मी तोटी बंद करून येतो. हातही धुऊन घेतो." आम्ही त्यांचा हात धरला. टाकीवर शंकरपाळ्याच्या आकाराची पाटी होती आणि तिच्या खालच्या टोकाला 8 हा आकडा होता. "गुरुजी, त्या आठात एवढं काय आहे?" त्यांनी विचारले. तेवढ्यात बस आली आणि उत्तर अर्धेच राहिले. ते आज पुरे करतो.

आपल्यापैकी अनेकांची वस्ती नेगेवमध्ये आहे. इथली शेती ठिबक सिंचनावर चालते. हात्झेरीम किबुत्झमध्ये 1965 साली नेताफिमची स्थापना झाली, तेव्हापासून ही पद्धत जगभर गेली. ठिबकच्या नळीतून पाण्याबरोबर खतही देतात, म्हणून ते द्रवरूपात टाकीतून शेतावर आणावे लागते. नळ्यांची बारीक छिद्रे क्षारांनी किंवा शेवाळाने बुजली की ती साफ करायला आम्ल किंवा क्लोरीनयुक्त द्रावण सोडतात. फवारणीचे औषध वेगळेच. यांतले बरेच पदार्थ दिसायला पाण्यासारखे किंवा सरबतासारखे असतात. डोळ्यांनी ओळखू येत नाही, म्हणूनच पाटीची गरज.

लहानपणी आपल्या घरी रॉकेलच्या बाटलीच्या गळ्याला चिंधी बांधून ठेवीत, म्हणजे अंधारातही ती बाटली पाण्याची समजून कोणी तोंडाला लावू नये. टाकीवरची पाटी हे त्या चिंधीचेच काम करते. फरक इतकाच, की ही चिंधी साऱ्या जगाने मिळून ठरवली आहे. संयुक्त राष्ट्रांनी घातक मालाच्या वाहतुकीविषयी शिफारशींचे पुस्तक 1956 साली पहिल्यांदा काढले. मुखपृष्ठाच्या रंगावरून त्याला 'नारिंगी पुस्तक' म्हणतात. त्यातल्या खुणा आज देशोदेशी चालतात. भारतातही 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमुळे टँकरवर अशा पाट्या आल्या.

पाटीवर दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, शंकरपाळ्याची आकृती. घातक पदार्थांचे नऊ वर्ग केलेले आहेत आणि वर्गाचा आकडा आकृतीच्या खालच्या टोकाला असतो. शेतीपुरते चार लक्षात ठेवले तरी पुष्कळ:

3 – लाल पाटी, ज्वाळेचे चित्र. पेट घेणारा द्रव, जसे पेट्रोल.
5.1 – पिवळी पाटी, वर्तुळावर ज्वाळा. आग भडकवणारा पदार्थ, जसे अमोनियम नायट्रेट.
6 – पांढरी पाटी, कवटी आणि हाडे. विष, कित्येक कीटकनाशके यात येतात.
8 – वर पांढरी, खाली काळी. हातावर आणि धातूवर द्रव सांडून ते झिजल्याचे चित्र. अंग जाळणारा पदार्थ.

दुसरी गोष्ट, चार अंकांचा क्रमांक. हिब्रूत त्याला 'मिस्पार ऊम' म्हणतात. बऱ्याचदा तो नारिंगी पट्टीवर काळ्या अंकांत असतो. वर्ग स्वभाव सांगतो, क्रमांक नाव सांगतो. नाव का हवे, ते पाहा. फॉस्फोरिक आम्लाचा क्रमांक 1805 आणि हायपोक्लोराइट द्रावणाचा 1791. दोन्ही वर्ग 8 मध्ये, दोन्हींवर तीच काळी-पांढरी पाटी. पण हे दोन पदार्थ एकमेकांत मिसळले तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. शेजारी शेजारी उभ्या दोन टाक्या, चित्र एकच, आणि गळती एकत्र झाली तर जिवाशी गाठ! अग्निशामक दलाला हा धोका केवळ आकड्यावरून कळतो.

आमच्या भगिनींसाठी एक सूचना. घरातली अकोनॉमिका म्हणजे हेच हायपोक्लोराइट, पण सौम्य. पेसाखच्या साफसफाईत ती आणि क्षाराचे डाग काढणारे आम्ल कधीही एकत्र ओतू नका.

आता ट्रेलरचे वेगळेपण. ट्रॅक्टर सोडून निघून जातो आणि ट्रेलर मागे राहतो. ट्रॅक्टरवर लावलेली पाटी त्याच्याबरोबरच जाणार. म्हणून खूण टाकीवरच हवी, आणि ती एका बाजूला असून भागत नाही. हजार लिटरच्या चौकोनी टाकीवर निदान समोरासमोरच्या दोन बाजूंना आणि मोठ्या सुट्या टाक्यांवर चारही बाजूंना पाट्या लावायच्या, असा आंतरराष्ट्रीय शिरस्ता आहे. मोठ्या टाकीची पाटी प्रत्येक बाजूला निदान 25 सेंटीमीटर लांबीची असते, म्हणजे जवळ न जाता दिसावी. टाकी रिकामी झाली तरी आतून धुऊन स्वच्छ होईपर्यंत पाटी काढायची नाही, कारण तळाचा शेष आणि आतली वाफ तेवढीच घातक असते. उलट, साफ केलेल्या टाकीवर जुनी पाटी ठेवणेही चूक. खोटी पाटी वाचून लोक पुढे खऱ्या पाटीवरही विश्वास ठेवत नाहीत. अशीच जुनी टाकी किंवा पिंप कोणी बागेतल्या पाण्यासाठी स्वस्तात देऊ केले, तर घेऊ नका.

नाव वेळेवर न कळण्याची किंमत केवढी असते? 2 डिसेंबर 1984 च्या रात्री भोपाळला कीटकनाशकाच्या कारखान्यातून वायू सुटला. ती टाकी कारखान्यातली होती, रस्त्यावरची नव्हे. पण इस्पितळात माणसांची रीघ लागली तेव्हा तो वायू कोणता आणि त्यावर इलाज कोणता, हे डॉक्टरांना नीट सांगणारे कोणी नव्हते. पाटी ही चालकासाठी नसते, त्याला माल ठाऊकच असतो. ती मदतीला धावून येणाऱ्या परक्या माणसासाठी असते.

मग आपण काय करायचे? गळती दिसली तर जवळ जायचे नाही, वास घेऊन पाहायचे नाही, तोटीला हात लावायचा नाही. वारा टाकीकडून आपल्याकडे येत असेल तर बाजूला सरकून वाऱ्याच्या उगमाकडे जायचे, आणि शक्यतो उंचावर, कारण क्लोरीन हवेपेक्षा जड असून सखल जागी साचतो. घरात असाल तर खिडक्या लावून वातानुकूलन यंत्र बंद करायचे. मग 102 वर अग्निशामक दलाला फोन. एवढेच हिब्रू वाक्य पुरे: "येश द्लिफा शेल खोमेर मेसुकान", म्हणजे घातक पदार्थ गळत आहे. ठिकाण सांगा आणि लांबून दिसत असेल तर क्रमांक एकेक अंक करून सांगा: अखत, श्मोने, एफेस, खामेश. अंक दिसत नसतील तर रंग आणि चित्र सांगा. कोणाला त्रास होत असेल तर 101. विषबाधेसंबंधी सल्ला हैफाच्या रामबाम इस्पितळातील केंद्र 04-7771900 या क्रमांकावर देते.

त्या दिवशी आम्हीही बसमधूनच 102 ला फोन केला. आकडा मात्र नीट पाहून ठेवला नव्हता. पलीकडच्या मुलीने तोच दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा आम्हाला "माहीत नाही" म्हणावे लागले. चाळीस वर्षे मुलांना पाटीवरचे वाचायला सांगणाऱ्या शिक्षकाला हे शोभले नाही. तुमच्यावर ती पाळी येऊ नये, म्हणून एक गृहपाठ: वरचे तीन फोन क्रमांक आणि ते हिब्रू वाक्य मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून घ्या आणि घरच्या फोनपाशी चिकटवा.